तीन चुली आणि एक चेंबर: शहापुरातले एक विकाऊ घर

बेळगावच्या शहापूर भागात, खडेबाजारापासून चालत पाच-सहा मिनिटांवर असलेल्या एका गल्लीत, ‘तीन कुटुंबांसाठी उत्तम, तिन्ही स्वयंपाकघरे स्वतंत्र, पुढे दुकान’ अशा वर्णनाचे एक घर सध्या विक्रीला आहे. आम्हाला नेमके असेच घर हवे होते. मी, धाकटा भाऊ आणि आमची आत्या अशी आमची तीन बिऱ्हाडे सध्या अनगोळात दोन ठिकाणी भाड्याने राहतात, आणि एका छपराखाली पण आपापल्या चुलीवर राहावे असा विचार गेले वर्षभर चालू आहे. हे घर मी दोनदा पाहिले, एकदा मे महिन्याच्या अखेरीस आणि एकदा जुलैत पावसाची झड लागली असताना, आणि दोन्ही वेळी वेगवेगळी घरे पाहिल्यासारखे वाटले. एजंटाने पाठवलेले सगळे फोटो मे महिन्यातल्या घराचे आहेत, म्हणून जुलैतल्या घराविषयी अधिक लिहितो.

घराची दर्शनी बाजू २२ फूट आणि खोली ८८ फूट आहे. म्हणजे १,९३६ चौरस फूट, पावणेदोन गुंठ्यांच्या किंचित वर. मागणी १ कोटी ६५ लाखांची आहे. जागेवर भागून पाहिले तर चौरस फुटाला साडेआठ हजारांच्या वर दर पडतो, आणि विकणाऱ्यांचा हिशेबही तसाच जागेचा आहे. वरचे घर ते जवळजवळ फुकट दिल्यासारखे बोलतात. शहापुरातल्या जुन्या गल्ल्यांत घरे अशीच अरुंद तोंडाची आणि लांबलचक असतात, शेजाऱ्याची भिंत तीच आपली भिंत असते, आणि उजेड यायचा तो पुढून, मागून किंवा कौलातून. या घराला डाव्या अंगाने तीन फुटांचा बोळ तेवढा मोकळा आहे. तिन्ही बिऱ्हाडांची ये-जा, नळाचे पाणी, सांडपाणी, सायकली आणि वाळत घातलेले कपडे हे सगळे त्या बोळातूनच जाते-येते, त्यामुळे घराचे परीक्षण करायचे म्हणजे खरे तर त्या बोळाचे करायचे.

पुढचा भाग सगळ्यात जुना आणि, स्पष्टच सांगतो, माझ्या मनात भरलेला आहे. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, मातीत रचलेल्या, दीड हात जाड. वर सागवानी तुळया, त्यांवर माडी, आणि माडीवर मंगळुरी कौले. परसात जादा कौलांची एक थप्पी राखून ठेवली आहे, त्यातले एक उलटे करून नखाने शेवाळ खरवडले तर पाठीवर कारखान्याची ठसठशीत मोहोर निघाली. बासेल मिशनने मंगळुरात १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि त्यानंतर ही चापट कौले किनाऱ्यापासून घाटमाथ्यापर्यंत घराघरांवर चढली. आज एखादे फुटले तर त्याच मापाचे कौल मिळवायला जुनी घरे पाडणाऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात, त्यामुळे ती थप्पी व्यवहारात धरून घ्यावी असे मी सुचवीन. सोप्यात शहाबादी फरशी आहे, माजघरात दोन खोल कोनाडे आहेत, आणि माडीवर जाणारा लाकडी जिना पाय ठेवला की करकरतो, पण हलत नाही. मे महिन्यात दुपारी अडीच वाजता मी सोप्यात अर्धा तास टेकलो होतो. पंखा बंद आहे, हे उठताना लक्षात आले.

जुलैत त्याच माजघराच्या भिंतीला जमिनीपासून कमरेपर्यंत ओल चढलेली होती. लोणा लागून गिलाव्याला फोड आले होते, आणि एका फोडावर अंगठा दाबला तर रंगाचा पापुद्रा तसाच राहिला आणि आतला गिलावा भिजल्या बिस्किटासारखा हातावर आला. जांभा पाणी पितो, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. जुन्या जोत्यात ओल अडवणारा थर नसतो, आणि पूर्वी ही ओल चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू बाहेर पडून जात असे. या घरात मधल्या काळात कोणीतरी चुना खरवडून सिमेंट थापले आणि विक्रीच्या तयारीत त्यावर ऑइलपेंट चढवला, म्हणजे भिंतीचे नाक-तोंड दोन्ही बांधले. यावर उपाय आहे, पण तो एका उन्हाळ्याचा नाही. सिमेंट काढून भिंत एक वर्ष उघडी वाळू द्यायची आणि मग चुना लावायचा, असे आम्ही बरोबर नेलेल्या गवंड्याचे म्हणणे पडले. शिवाय दरवर्षी मृगापूर्वी कौले चाळून घ्यावी लागतील आणि ते काम येणारी माणसे आता मोजकी उरली आहेत. हे सगळे करून हा भाग राखण्याजोगा आहे, असे माझे मत आहे, भावाचे नाही.

मधला भाग १९८९ च्या स्लॅबचा आहे. त्याच्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. बांधकाम ठीक आहे, मात्र स्वयंपाकघरात भर दुपारी बल्ब लावावा लागतो. मागचे दोन मजले त्यानंतर आठ-दहा वर्षांनी चढवले. तिथल्या खोल्या मोठ्या आहेत, हवा खेळती आहे, पण गॅलरीच्या खालच्या अंगाचे काँक्रीट दोन ठिकाणी गळून पडले आहे आणि आतली सळई गंजून तिचे खवले सुटत आहेत. टेरेसवर बेळगावच्या रिवाजाप्रमाणे पत्र्याची शेड आहे. ती बहुधा स्लॅब गळू लागल्यावर आलेली असावी, कारण शेडखालच्या खोलीच्या छताला पडलेले पिवळे डाग जुने आणि कोरडे होते.

आता जिना. मागच्या वरच्या मजल्यावर जाणारा जिना बोळाच्या टोकाला, मधल्या बिऱ्हाडाच्या धुण्याच्या दगडापासून सुरू होतो. म्हणजे वर राहणारा माणूस रात्री दहाला घरी आला तर तो पुढच्यांच्या माजघराच्या खिडकीवरून, मधल्यांच्या स्वयंपाकघराच्या दारावरून आणि त्यांच्या दगडाला वळसा घालून मगच आपल्या पहिल्या पायरीवर पाय ठेवणार. जिना दोन फूट तीन इंच रुंद आहे आणि मध्ये काटकोनात वळतो. सध्या वर भाड्याने राहणाऱ्या दोघा नोकरदार मुलांनी सांगितले, की त्यांचा फ्रिज त्या वळणावर अडकला आणि शेवटी दोर बांधून गॅलरीतून ओढून घ्यावा लागला. आमच्या आत्याचे गुडघे दुखरे आहेत. तिला खाली द्यायचे तर पुढचा ओलीचा भाग किंवा मधला अंधाराचा भाग, आणि उजेडाचे हवे तर हा जिना. ‘तीन कुटुंबांसाठी उत्तम’ या तीन शब्दांतला गोंधळ मला इथे नीट कळला: जाहिरातीत ओटे मोजले आहेत, वाटा मोजलेल्या नाहीत.

सर्वांत मोठा दोष मात्र जमिनीखाली आहे. ड्रेनेजची लाइन पुढच्या गल्लीत आहे, मागे काहीच नाही. त्यामुळे मागच्या दोन्ही मजल्यांच्या न्हाण्या आणि संडास, मधल्या बिऱ्हाडाची मोरी आणि न्हाणी, असे सगळ्यांचे पाणी एकाच चार इंची पाइपातून बोळाखालून साठ फूट पुढे जाते, आणि त्या पाइपाला एकुलते एक चेंबर आहे, ते मधल्या स्वयंपाकघराच्या दाराबाहेर. त्या घरच्या सूनबाईंनी कसलीही लपवाछपवी न करता पहारीने झाकण उचलून दाखवले. पाणी झाकणाखाली चार बोटांवर उभे होते आणि त्यावर तांदळाच्या धुवणाचा पांढरा तवंग हलत होता. “सकाळी सगळ्यांच्या आंघोळी झाल्या की वर येतंय, मग दहाला उतरतंय,” असे त्या म्हणाल्या, आणि हे त्या इतक्या सहज म्हणाल्या की ते त्यांच्या दिनक्रमातच बसले आहे हे कळत होते.

याचे कारण पुढच्या कट्ट्यावर सापडले. घराच्या मालक तिघा भावांपैकी सर्वांत थोरल्याच्या पत्नी, ज्यांना सगळे काकू म्हणतात, त्या पुढच्या भागात एकट्या राहतात; त्या बोलता बोलता म्हणाल्या, की लग्न होऊन आले तेव्हा कट्ट्याला चार पायऱ्या होत्या. आज दोन आहेत. गल्लीत दर काही वर्षांनी जुने काँक्रीट न उखडता त्यावरच नवे घातले गेले, रस्ता चढत गेला, त्याबरोबर चेंबरांची तोंडे आणि जोडण्या वर आल्या, आणि घराच्या पाइपाचा उतार संपला. चार इंची पाइपाला साधारण चाळीस फुटांना एक फूट उतार लागतो, म्हणजे साठ फुटांना दीड फूट; इथे आमच्या गवंड्याने पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी धरली तेव्हा जेमतेम चार इंच भरला. पाइप सहा इंची करा, चेंबर दोन वाढवा, असे मी म्हणताच तो म्हणाला, “करू की साहेब, पण उतार मी कुठनं आणू?” मागचे जोते उचलल्याशिवाय किंवा मागच्यांसाठी टाकी बांधून पाणी पंपाने पुढे ढकलल्याशिवाय हा प्रश्न पूर्ण सुटणार नाही, आणि पंप म्हटला की त्याचे बिल कोणी भरायचे हा प्रश्न तीन बिऱ्हाडांत आलाच. एजंटाने दोन्ही भेटींत या चेंबरवर मोटरसायकल लावून ठेवली होती. योगायोगही असेल.

एका बाबतीत घर निर्धास्त आहे. २०१९ च्या ऑगस्टमधील पावसात बळ्ळारी नाल्याचे पाणी शहापूर-वडगावच्या शिवारात आणि सखल वस्त्यांत शिरले होते, तेव्हा या गल्लीत पाणी आले नाही, असे मालकांनी सांगितले आणि समोरच्या किराणा दुकानदारानेही न विचारता तेच सांगितले. गल्ली चढावर आहे, हे पायांनाही कळते.

नळाचे पाणी चार-पाच दिवसांनी येते. राकसकोप आणि हिडकल या दोन जलाशयांवर आपले शहर चालते आणि शहराच्या काही भागांत २००८ पासून चोवीस तास पाणी आहे, पण या घराला अजून जमिनीतल्या टाकीचाच आधार आहे, आणि तीही मधल्या बिऱ्हाडाच्या न्हाणीखाली. परसात आड आहे. मे महिन्याच्या अखेरीसही त्यात पाणी होते, आणि ते वापरायचे व धुण्याचे काम भागवते. विजेचे घरगुती मीटर दोनच आहेत, म्हणजे मधले आणि मागचे बिऱ्हाड एकाच आर. आर. नंबरवर, म्हणजे एकाच वीजजोडणीवर, चालते. महिना २०० युनिटपर्यंत मोफत विजेची गृहज्योती योजना मीटरवर ठरत असल्याने एका मीटरवर दोन घरे म्हणजे सवलत हातची जाणे. वीज कंपनी हेस्कॉमकडे अर्ज करून तिसरा मीटर घेणे हे या घरातले सर्वांत सोपे काम ठरेल.

पुढे आठ फूट बाय दहा फुटांचे दुकान आहे, त्यात एक शिंपी गेली तीस-पस्तीस वर्षे बसतो. जाहिरातीत दुकान ही जमेची बाजू म्हणून आली आहे. भाडे किती, हे विचारल्यावर एजंट हसला आणि मालकांनी छताकडे पाहिले, यावरून जे समजायचे ते मी समजलो. भाडेकरू भला माणूस आहे, त्याच्याकडे सुरुवातीपासूनच्या पावत्या आहेत, आणि तो कुठे जाण्याच्या विचारात नाही. घर रिकामे ताब्यात मिळेल की दुकान वगळून, हे करारात स्पष्ट लिहून घेतल्याशिवाय इसाराची रक्कम देऊ नये.

कागदपत्रांविषयी मात्र सविस्तर लिहावे लागेल, कारण मालकांनी उदार मनाने अख्खी फाइल माझ्यासमोर ठेवली आणि ती वाचण्यात एक संध्याकाळ गेली. शहापूर हे १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते. शहापुरातल्या हायस्कुलाला संस्थानिक चिंतामणरावांचे नाव आहे ते त्याच नात्याने. या घराचे मूळ खरेदीपत्र त्यामुळे संस्थानच्या मुद्रांकावर आणि मोडीत आहे. त्याखाली मुंबई राज्याच्या काळातल्या मराठी पावत्या, १९५६ नंतरचे म्हैसूर राज्याचे कागद, आणि त्यांच्यावर कर्नाटकाचे कानडी उतारे. घर जागचे हलले नाही, पण एका दोऱ्यात चार सरकारे ओवलेली आहेत. मोडी वाचणारा जाणकार आणि कानडी दस्त मराठीत समजावून देणारा वकील, असे दोघेही गाठावे लागतील. नोंदणी खात्याच्या कावेरी प्रणालीवर बोजा दाखला ऑनलाइन मिळतो तो २००४ पासूनचा. त्याआधीचा शोध उपनिबंधक कार्यालयात अर्ज करूनच घ्यावा लागतो, आणि अशा घराला तो घ्यायलाच हवा.

खरी अडचण वाटणीची आहे. तिघा भावांनी १९९१ मध्ये पुढचा, मधला आणि मागचा भाग आपसांत वाटून घेतला, त्याचा कागद आहे, सह्या आहेत, पण नोंदणी नाही. महापालिकेच्या दप्तरी मालमत्तेचे खाते अजून दिवंगत वडिलांच्याच नावावर आहे. या तिघा भावांना दोन बहिणीही आहेत, एक कोल्हापुरात, एक पुण्यात. “बहिणींचं काय नाही सर, त्या देतात सही,” असे एजंट दोनदा म्हणाला. मालमत्ता वडिलोपार्जित असेल तर बहिणींचे बरेच काही आहे. कर्नाटकाने हिंदू उत्तराधिकार कायद्यात केलेली दुरुस्ती ३० जुलै १९९४ पासून लागू झाली आणि तिने मुलींना मुलांबरोबरीचा हक्क दिला, मात्र त्यापूर्वी लग्न झालेल्यांना वगळले होते. ९ सप्टेंबर २००५ पासूनच्या केंद्रीय दुरुस्तीत लग्नाची ती अट नाही, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मानेच मिळतो, २००५ ची दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, असे स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वीची वाटणी कायदा राखतो, पण ती नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली असावी लागते. घरच्या घरी केलेला १९९१ चा कागद त्यात सहसा बसत नाही. थोडक्यात, खरेदीखतावर तिन्ही घरांबरोबर दोन्ही बहिणींच्या सह्या हव्यात, पैसेही त्यांच्या खात्यात त्यांच्या हिश्श्याने जायला हवेत, आणि त्याआधी वारसांची नावे लागून महापालिकेचे ई-खाते निघायला हवे, कारण त्याशिवाय नोंदणीच होत नाही. हे मी काकूंना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “मी तर दहा वर्षं हेच सांगतेय.”

खर्चाचा हिशेब मागणीवर थांबत नाही. मुद्रांक शुल्क ५ टक्के, त्यावरचे उपकर धरून शहरी भागात ५.६ टक्के, आणि नोंदणी शुल्क ऑगस्ट २०२५ च्या अखेरीपासून २ टक्के. म्हणजे १ कोटी ६५ लाखांवर साडेबारा लाखांहून अधिक. व्यवहार ५० लाखांच्या वर असल्याने १ टक्का प्राप्तिकर खरेदीदाराने कापून भरायचा असतो, आणि विकणारे अनेक असल्यामुळे प्रत्येकाच्या पॅनवर वेगळा. त्यात बोळ खोदणे, मागचे पंप-टाकीचे काम, गॅलरीची दुरुस्ती आणि पुढच्या भिंतींचा चुना मिळवला तर आमच्या अंदाजाने आणखी अठरा ते वीस लाख लागतील.

गल्लीविषयी तक्रार नाही. नाथ पै चौक जवळ, गोवावेस आणि कपिलेश्वर पूल दोन्ही सोयीचे, भाजी दारात, शेजार बोलका. चारचाकी आत येत नाही, ती दूरच्या रस्त्यावर लावावी लागेल. गणपतीत मंडप अगदी घरासमोर पडतो, तेव्हा ते दहा-अकरा दिवस दुचाकीही सोप्यातच घ्यावी लागेल. आवाजाचा ज्यांना त्रास होतो त्यांनी हे घर पाहू नये. आत्याला मात्र घर पाहताना सर्वांत जास्त आवडला तो हाच मंडपाचा खांब रोवायचा खड्डा, कट्ट्यापासून दोन हातांवर.

दोन मोठी भावंडे आणि आई-वडील असे एकाच मालकीचे, एकमेकांच्या दारावरून जायला संकोच नसणारे कुटुंब असेल तर या घराचा विचार जरूर करावा. तीन स्वतंत्र भाडेकरू ठेवून उत्पन्न काढायचे असेल तर करू नये. बोळ आणि चेंबर दर महिन्याला एक भांडण देतील. आम्ही १ कोटी ३८ लाख देऊ केले आहेत, दोन्ही बहिणी, ई-खाते आणि दुकानाचा लेखी खुलासा या अटींवर. दीड कोटीच्या खाली बोलू नका, असा निरोप आला आहे, आणि आम्ही अजून उत्तर दिलेले नाही.

कोणी पाहायला जाणार असेल तर एजंट देईल ती दुपारची वेळ घेऊ नये. सकाळी सातला जावे, तिन्ही न्हाण्या चालू असताना, आणि बोळातली मोटरसायकल बाजूला घ्यायला सांगावी.